हा गृहपाठ नेमका कुणाचा?



आज खरं तर चातुर्मासातल्या फराळावर लिहायचं होतं. ते पुढच्या वेळी. गेले महिनाभर एक गोष्ट मनात सलते आहे, आणि तिची सुरुवात माझ्याच चुकीने झाली आहे. म्हणून आधी चूक सांगते, मग भांडते.

माझी नात दुसरीत आहे, इंग्रजी माध्यमात. दर शुक्रवारी दुपारी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शाळेकडून एक पान येतं. वर लिहिलेलं असतं 'वीकली होमवर्क', आणि खाली विषयवार यादी. इंग्रजीचे दहा शब्द, प्रत्येक पाच वेळा, शिवाय कर्सिव्हची पानं. मराठीचं शुद्धलेखन. हिंदीची बाराखडी. गणितात दोन ते दहाचे पाढे दोनदा आणि हातच्याच्या वीस बेरजा. परिसर अभ्यासासाठी प्राण्यांची चित्रं कापून चिकटवायची. जी.के.चे दहा प्रश्न. कधी कधी सोबत क्राफ्टचं काहीतरी, ज्याला कार्डबोर्ड आणि थर्माकोलचे गोळे लागतात. सगळं सोमवारी सकाळी जमा.

त्या रविवारी रात्री साडेनऊला पोरगी वहीवर डोकं ठेवून झोपून गेली. हिंदीची दोन पानं राहिली होती. सूनबाई तिच्या ऑफिसचं महिनाअखेरचं काम घेऊन बसली होती. मी नातीला उचलून आत झोपवलं, परत आले, आणि पेन्सिल डाव्या हातात धरून ती दोन पानं लिहून काढली. डाव्या हातात का, तर अक्षर लहान मुलासारखं वाकडंतिकडं यावं म्हणून.

सोमवारी त्या पानावर लाल शाईत 'गुड' आणि एक स्टार आला. नातीने वही माझ्यासमोर धरली आणि विचारलं, "आजी, हा स्टार तुझा की माझा?" मी हसून वेळ मारून नेली.

पण त्याच आठवड्यात बस्तीत आमच्या दुपारच्या स्वाध्यायाला तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय चालू होता. सत्य अणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया येते, म्हणजे खोटा लेख तयार करणं. इतकी वर्षं तो शब्द ऐकला की मला दुकानातल्या दोन नंबरच्या वह्याच आठवायच्या. कॉमर्सला ऑडिटच्या पेपरात खोट्या व्हाउचरवर पानभर उत्तर लिहिलेलं आहे मी. त्या दिवशी मात्र डोळ्यांपुढे ती दोन पानंच आली. खोटा लेख मी केला होता, आणि सात वर्षांच्या पोरीला त्याची साक्षीदार केलं होतं.

तुमच्यापैकी किती जणींनी हे केलं आहे, हे मी विचारणार नाही. दिवाळीच्या किल्ल्यापासून ते तयार प्रोजेक्टपर्यंत सगळं स्टेशनरीच्या दुकानात मिळतं, म्हणजे विकत घेणारे आपणच आहोत.

जमाखर्च

बी.कॉम. होऊन चाळीस वर्षांहून जास्त झाली, नोकरी केली नाही, पण हिशेब लिहायची सवय गेली नाही. मी ठरवलं की उगाच आरडाओरडा करण्याआधी चार आठवडे नोंद ठेवायची. दुधाच्या हिशेबाच्या वहीतच मागच्या बाजूला लिहीत गेले.

चार आठवड्यांत नात या गृहपाठासाठी एकूण २८ तास बसली. म्हणजे आठवड्याला ७. तिच्याशेजारी मोठी माणसं बसली २४ तास. त्यात सूनबाईचे १४, माझे ९, आणि माझ्या मुलाचा १, तोही कार्डबोर्ड आणायला गेला तो. छपाई, चार्टपेपर, रंगीत कागद, डिंक यांवर खर्च ४८५ रुपये.

आता जमेची बाजू. पाढे तिला आधीच तोंडपाठ होते. ते तिने चार आठवड्यांत आठ वेळा लिहिले. हातच्याची बेरीज तिला येत नव्हती. दर आठवड्याला वीस गणितं सोडवूनही ती आली नाही, कारण चुकतंय कुठे हे कागद सांगत नाही. शेवटी एका दुपारी मी चिंचोके घेऊन बसले. दहा सुटे झाले की एक वाटी भरायची आणि ती शेजारच्या घरात सरकवायची. अर्ध्या तासात तिला हातचा म्हणजे काय ते कळलं. २८ तासांच्या खात्यात नवीन म्हणून जमा दाखवता येईल असं एवढंच निघालं, आणि तेही त्या यादीत नव्हतं.

आणखी एक आकडेमोड केली. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवलं गेलं पाहिजे. पाच दिवसांचा आठवडा धरला तर ४० आठवडे झाले. आठवड्याला ७ तास म्हणजे वर्षाला २८० तास. शाळेत ८०० तास काढून आलेल्या मुलाला आपण घरी त्याच्या एक तृतीयांशाहून जास्त शाळा पुन्हा भरवतो. कुठल्या कामगाराला एवढा ओव्हरटाइम बिनपगारी करायला लावला तर तो संपावर जाईल. मूल संपावर जाऊ शकत नाही. ते रविवारी सकाळपासून "पोटात दुखतंय" म्हणतं.

सरकार काय म्हणतं

मला वाटायचं, सरकारचाच असा नियम असेल. शोधून वाचलं तर उलटच निघालं.

लेखक आर. के. नारायण राज्यसभेवर होते, तेव्हा १९८९ साली त्यांनी मुलांच्या पाठीवरच्या दप्तरांबद्दल भाषण केलं होतं. पुढे केंद्र सरकारने प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल १९९३ साली आला. ओझ्याविना शिक्षण हाच त्याचा विषय होता. प्राथमिक वर्गांना गृहपाठ देऊच नये, फार तर मुलांना घराच्या परिसरात काही बघायला, शोधायला सांगावं, असं त्यात स्पष्ट आहे. २०१८ साली मद्रास उच्च न्यायालयाने पहिली-दुसरीला गृहपाठ नको असा आदेश दिला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्राने राज्यांना तसंच कळवलं. मग २०२० साली केंद्राचं दप्तर धोरण आलं. त्यात पहिली-दुसरीला गृहपाठ शून्य, आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास.

दोन तास, आठवड्याला, सगळे विषय मिळून! माझी नात दुसरीत आहे, म्हणजे तिच्या नावावर शून्य हवेत. ती पाचवीत असती तरी मर्यादेच्या साडेतीनपट भरली असती.

१९९३ साली माझा मुलगा तिसरीत होता. त्याच वर्षी तो अहवाल आला, आणि त्याच वर्षी पाढे लिहिताना चुकला म्हणून मी त्याच्या हातावर लाकडी पट्टी मारली होती. तो आज विसरला असेल, मी विसरलेले नाही. तेव्हा मला अहवाल माहीत नव्हता, ही सबब मी स्वतःला देते. आता तीही उरली नाही.

ओझं म्हणजे नुसतं दप्तर नव्हे

माझे आजोबा शेतकरी. कारखान्याला ऊस जायचा तो बैलगाडीतून. गडी मोळ्यांवर मोळ्या रचायला लागले की आजोबा बैलांच्या मानेकडे बघत आणि म्हणत, "बास, आता उतरवा दोन." खेप वाढली तर चालेल, पण बैलावर भार नको. अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार आपण लहानपणापासून ऐकतो: बांधून ठेवणं, मारणं, अवयव छेदणं, झेपणार नाही इतका भार लादणं, आणि अन्नपाणी अडवणं. आजोबांना नावं पाठ नसतील, पण अतिभार कशाला म्हणतात ते त्यांना नजरेने कळायचं.

आपण आलं-लसूण टाळतो, पाणी गाळून घेतो, दिवा लावताना किडा येईल म्हणून जपतो. आणि घरातलं सात वर्षांचं लेकरू खुर्चीत बांधल्यासारखं बसवून, त्याला झेपणार नाही इतकं लिहायला लावतो. संध्याकाळचं ताटही त्यापायी अडतं. हिवाळ्यात आमच्या सांगलीत सहाच्या सुमारास दिवस मावळतो. शाळेतून येऊन, जरा पडून, पोर पाचला लिहायला बसली की "एवढं पान संपव, मग जेव" होतं. पान संपेपर्यंत दिवस बुडतो. लहान मुलांना नियमात सूट आहे हे मला माहीत आहे. माझी तक्रार नियमाबद्दल नाहीच. भूक लागलेल्या मुलाचं जेवण पाच ओळी बाराखडीसाठी थांबवणाऱ्या घराबद्दल आहे, आणि त्या घरात मीही आहे.

"पण..." म्हणणाऱ्यांसाठी

हे मी आमच्या मंडळात बोलले तेव्हा चार 'पण' आले. चारही महत्त्वाचे आहेत.

पहिला पण: "सराव नको का?" हवा. पण सराव थोडा असतो, आणि जे कच्चं आहे त्याचा असतो. सगळ्यांना सगळं सारखं लिहायला लावणं म्हणजे तापाचं औषध सगळ्या घराला पाजण्यासारखं आहे. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठातल्या हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ ते २००३ या काळातल्या गृहपाठावरच्या अभ्यासांचा आढावा २००६ साली प्रसिद्ध केला. मोठ्या वर्गांत गृहपाठ आणि यश यांचा संबंध त्यांना दिसला, लहान वर्गांत तो फारच क्षीण होता. आणि कूपर गृहपाठाच्या विरोधातले गृहस्थ नव्हेत, हेही लक्षात घ्या.

दुसरा पण: "गृहपाठ नसेल तर मोबाईल बघत बसतील." मग मोबाईल काढून घ्या. तो आपल्या हातात आहे. एक वाईट सवय लागू नये म्हणून दुसरी शिक्षा देत राहायची, हा कुठला न्याय? आणि गंमत अशी की हा गृहपाठ मोबाईलवरच येतो. माझी नात "आजी, होमवर्क बघते" म्हणूनच फोन मागायला शिकली.

तिसरा पण माझ्या मुलाचा: "आई, आम्ही नाही का केलं? काय बिघडलं?" मी त्याला म्हटलं, तू शाळेतून आलास की दप्तर फेकून अंधार पडेपर्यंत गल्लीत असायचास. तुझी शाळा दहा मिनिटांच्या चालीवर होती. हिची बस सकाळी सातला येते. आणि बिघडलं नाही असं तू म्हणतोस, पण तू हौसेने शेवटचं पुस्तक कधी वाचलंस ते सांग. तो उठून गेला.

चौथा पण सूनबाईचा, आणि तो मला खरंच लागला. ती म्हणाली, "आई, तुम्ही बोलाल, पण रोख तिच्यावर येईल. वर्गात तिला उभं करतील." तिची भीती खोटी नाही. शिक्षण हक्क कायद्यात मुलाला भीती आणि ताणापासून मुक्त ठेवून शिकवावं असं लिहिलेलं आहे. कायदा होऊन इतकी वर्षं झाली तरी एक शिकलेली, कमावती आई शाळेला प्रश्न विचारायला घाबरते. आपल्याकडे चार दानांत अभयदानाला मोठा मान आहे. आधी या आयांना ते कुणीतरी द्यायला हवं.

जिच्या घरी आजी बी.कॉम. नाही

आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या बाईंची मुलगीही दुसरीत आहे, पंचवीस टक्के राखीव जागांतून प्रवेश मिळालेली. परवा त्या भांडी घासून झाल्यावर पदराला हात पुसत मोबाईल पुढे करून म्हणाल्या, "आजी, यात काय लिवलंय तेवढं सांगा की." ते असंच आठवड्याचं पान होतं. त्या स्वतः चौथीपर्यंत मराठीत शिकलेल्या. सकाळी सहा ते दुपारी दोन पाच घरांची कामं, संध्याकाळी पुन्हा दोन घरं. "ईव्हीएसचा चार्ट" कुठल्या वेळात आणि कुणाच्या भरवशावर करायचा? सोमवारी त्यांची मुलगी अपुरी वही घेऊन जाते, आणि माझी नात माझ्या डाव्या हातचा स्टार घेऊन येते.

म्हणजे तपासलं काय गेलं? मुलींचा अभ्यास तर नव्हेच. कुणाच्या घरात रिकामी, शिकलेली बाई आहे, त्याची ही तपासणी झाली. पंचवीस टक्क्यांनी जे दार उघडलं, ते या पानाने दर सोमवारी थोडं थोडं बंद होतं. मैत्रिणींनो, आपण ज्ञानदानाच्या पेट्यांत पैसे टाकतो, श्रुतपंचमीला ग्रंथांची मिरवणूक काढतो. त्याच गावात एक मूल केवळ आईला इंग्रजी येत नाही म्हणून 'इनकम्प्लीट' शिक्का घेऊन घरी जातं.

शिक्षिकांबद्दल

त्यांच्यावर माझा राग नाही. वर्गात चाळीस मुलं, सहा विषय. म्हणजे सोमवारी २४० नोंदी तपासायच्या. एका नोंदीला एक मिनिट धरलं तरी सलग चार तास. शिकवायचं कधी? म्हणून टिकमार्क आणि स्टार. माझं डाव्या हातचं अक्षर त्यांना ओळखू आलं नाही, यात त्यांचा दोष नाही, तपासायला वेळच नाही. आणि हा गृहपाठ मागतं कोण? बऱ्याचदा आपणच. "त्या शाळेत किती करून घेतात बघा, आमच्याकडे काहीच नाही," हे वाक्य मी आपल्याच हळदीकुंकवात ऐकलं आहे. शाळा गिऱ्हाईक बघून माल ठेवते.

आपली पाठशाळाही यातून सुटलेली नाही. गेल्या वर्षी आमच्या रविवारच्या पाठशाळेत मुलांना णमोकार मंत्र पन्नास वेळा लिहून आणायला सांगितला होता. जो मंत्र म्हणताना मन शांत व्हावं, तो मुलं घाईघाईने खरडत होती. मीच त्या पाठशाळेच्या समितीत आहे. तो प्रकार या वर्षीपासून बंद केला आहे. त्याऐवजी मुलं घरी आजी-आजोबांकडून एक गोष्ट ऐकून येतात आणि रविवारी सांगतात. आता हजेरी वाढली आहे, आणि आज्यांची पळापळही, कारण गोष्टी संपत आल्या आहेत.

मग करायचं काय?

त्यानंतरच्या सोमवारी मी वहीसोबत एक चिठ्ठी पाठवली. उजव्या हाताने लिहिलेली, खाली माझी सही. "मागच्या आठवड्यातली हिंदीची दोन पानं मुलीने लिहिलेली नाहीत, मी लिहिली आहेत. क्षमस्व. या आठवड्यात ती जेवढं स्वतः करू शकली तेवढंच पाठवत आहे." नातीला आधी वाचून दाखवली. तिने विचारलं, "आता टीचर तुला रागावतील?" मी म्हटलं, रागावल्या तर ऐकून घेईन. बाईंनी चिठ्ठीवर फक्त सही केली. नातीला उभं केलं नाही. मात्र शुक्रवारी यादी पुन्हा तेवढीच आली.

म्हणजे एका चिठ्ठीने होणारं काम हे नव्हे. येत्या शनिवारी पालकसभा आहे. सूनबाई येणार आहे. ती बोलणार नाही, पण शेजारी बसेन म्हणाली, आणि मला तेवढं पुरेसं आहे. आमच्या गल्लीतल्या आणखी तिघी तयार झाल्या आहेत. मागणी तीनच ओळींची आहे. पहिली-दुसरीची साप्ताहिक यादी बंद करावी. तिसरीपासून सगळे विषय मिळून आठवड्याला दोन तासांच्या वर काम देऊ नये. आणि घरच्या मोठ्यांशिवाय किंवा पैशांशिवाय होणार नाही असं काहीही देऊ नये. दप्तर धोरणाची प्रत मी काढून घेतली आहे. आवाज चढवायचा नाही, कुणा एका बाईंचं नाव घ्यायचं नाही. एकटीने गेलं तर रोख एका मुलावर येतो, दहा जणी गेलो तर तो कुणावरच येत नाही.

घरी काय करता येईल ते आपल्याला कुणी शिकवायला नको. रोज पंधरा-वीस मिनिटं मुलाने मोठ्याने वाचावं आणि आपण ऐकावं. वाण्याच्या यादीची बेरीज त्याच्याकडून करून घ्यावी. पोळीचे चार भाग करताना पाव-अर्धा सांगावं. निवडायला बसलं की मूग आणि मटकी वेगळी करू द्यावी. आणि मग त्याला खेळायला सोडावं, दिवस मावळायच्या आत जेवायला हाक मारावी.

तुमच्या गावातल्या शाळेत काय चालतं ते मला जरूर कळवा. तुमच्याही घरी चार आठवडे नोंद ठेवा, दुधाच्या वहीत मागच्या बाजूला जागा असतेच. शनिवारी काय झालं ते मी लिहीनच. त्या दोन पानांबद्दल मी नातीची माफी मागितली आहे. तो स्टार तिने खोडरबराने पुसायचा प्रयत्न केला. शाई होती, पुसला गेला नाही.

जय जिनेंद्र.